निवृत्तीमामाचा उभा देश

“गुरुजी, निवृत्तीमामाचा देश नकाशात कुठं आहे, दाखवता का?”

मी उभी राहून विचारलं आणि अजिबात हसले नाही. पैज तीच होती. भूगोलाच्या तासाला, लक्ष्मीकांत गुरुजींना, तोंड सरळ ठेवून हा प्रश्न विचारायचा. विचारला तर आठ दिवस चारुलता मला तिच्या मळ्यातली बोरं देणार आणि पद्मजा माझं दप्तर वाहणार. हसले तर बोरं मी द्यायची आणि दोघींची दप्तरं मीच वाहायची. माझ्या मागं बसून त्या दोघी पदराचे बोळे तोंडात कोंबत होत्या, ते मला न वळताही कळत होतं.

दिवाळीपर्यंत मी असं काही करीन असं कोणाला सांगून पटलं नसतं. माझं नाव कोकिळा, पण सातवीत येईपर्यंत वर्गात ‘हजर’ याखेरीज माझ्या तोंडून शब्द निघत नसे. मग वनभोजनाच्या दिवशी पद्मजाला खोकला झाला, ऐन वेळी गाणं माझ्या गळ्यात पडलं, आणि एकदा सुटलेला आवाज पुन्हा आत जायलाच तयार होईना. माय तर म्हणायची, “मुकी होती तेच बरं होतं वं!” आणि म्हणताना हसायची.

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी उपरण्यानं चष्मा पुसला आणि भिंतीवरच्या युरोपला जवळजवळ नाक लावलं.

“इटलीत म्हणतो ना तो?”

“इटलीत नाही गुरुजी. इटलीच्या पोटात. पण वेगळा.”

आता मात्र सगळा वर्ग फुटला. गुरुजींनी पट्टी आपटली. “नाही. नकाशात नाही. आणि जो नकाशात नाही तो देश नाही. बस खाली.”

नेमका त्याच वेळी निवृत्तीमामा दारात उभा होता. खांद्यावर घागर, माठ भरायला आलेला. त्यानं सगळं ऐकलं होतं. घागर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, माठ भरला आणि गेला.

निवृत्तीमामा म्हणजे आमच्या मुलींच्या शाळेचा शिपाई. मूळचा बीबी गावचा. जर्मनच्या लढाईत खेचरांच्या पलटणीत भरती झाला आणि थेट इटलीपर्यंत जाऊन आला. बरं, जाऊन आला तर लोकांना तोफा सांगाव्या, विमानं सांगावी. हा सांगायचा, “म्या एक देश पाह्यला. सकाळी शिरलो, दुपारच्याले संपला.” झालं! आमच्या देऊळगाव राजात पिढ्यान्‌पिढ्या पुरेल असा विनोद लोकांना मिळाला. “देश की वावर बे?” म्हणायचे. भगवानराव पाटलांच्या शेतातून चालायला याहून जास्त वेळ लागतो म्हणायचे. कोणाचं अंगण लहान असलं की, हा बघा निवृत्तीचा देश.

खरं तर आमच्या गावानं तरी हसायला नको होतं. इथून दोन-तीन कोस गेलं की मोगलाई लागते. जालन्याला जायचं तर नाक्यावर निजामाची माणसं गाठोडी सोडून बघतात, पलीकडं नाणंसुद्धा वेगळं. देश कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, हे आम्हाला बैलगाडीत बसल्या बसल्या कळतं. पण हसायचं ठरलं की कोण एवढा विचार करतो? मीही नव्हता केला.

चारुलताची बोरं गोड होती. पहिलं खाल्लं. दुसरं तोंडात घातलं आणि मला ती खांदा बदलणारी घागर दिसायला लागली. बी थुंकून मी सरळ लिंबाखाली गेले. तिथं आगगाडीच्या रुळाचा तुकडा टांगलेला आहे, तीच आमची घंटा. मामा हातोडी घेऊन मधली सुट्टी संपायची वाट बघत बसला होता. ‘मामा, चुकलं’ असं म्हणायचं मी ठरवून गेले होते. तोंडून निघालं भलतंच.

“मामा, तिथं जाचं असलं तं कसं जावं लागते?”

मामानं हातोडी मांडीवर ठेवली. “कोणाले जाचं हाये?”

“मले.” हे कुठून आलं देव जाणे.

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, “दोन वर्सं झाले पोरी. जो भेटला त्यानं हेच इचारलं, हाये का? खरंच हाये का? कसं जावं म्हून कोणी नाही इचारलं.” आणि रुमालानं कपाळ पुसून सांगायला लागला, “हे पाह्य, पह्यले जालन्याले जाजो.”

त्या दिवशी घंटा द्यायचं मामा विसरला. मधली सुट्टी तास-दीड तास चालली. सगळ्या शाळेनं मला मनातून आशीर्वाद दिला असेल.

मग रोजच. मी पाटीवर लिहून घ्यायची आणि घरी वहीत उतरवायची. मामाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण वाट अशी पाठ होती की मी एखादं गाव गाळलं तर तो थांबवायचा, “नाही नाही, मंधात पूल हाये. पूल ओलांडल्याबिगर कशी गेली तू?” त्या देशाचं नाव तो ‘सान मारीन’ म्हणायचा. लढाईत इकडून इंग्रज, तिकडून जर्मन, आणि मधल्या त्या डोंगरावरच्या बोगद्यांत आसपासच्या मुलखातली हजारो माणसं जीव मुठीत धरून बसलेली. मामा आपल्या खेचरावर पाण्याचे डबे लादून तिथं चढला होता. तीन दिवस वर राहिला; सकाळी शिरून दुपारी संपला, ते नुसतं चालायचं मोजमाप.

“तिथं एक गंमत झालती,” तो एकदा म्हणाला. “पण ते नाही सांगत. लोक हसतीन.”

पण दुसरं एक सांगितलं. सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता, रुळाच्या तुकड्याकडं बघत होता. त्याच्या खेचराचं नाव चांदणी. कपाळावर पांढरा ठिपका. चढताना तिच्या पायात तोफेच्या गोळ्याचा तुकडा शिरला. लंगडं जनावर पलटणीत ठेवत नाहीत, गोळी घालतात.

“मंग?”

“मंग काय. तिथल्या एका म्हातारीच्या तळघरात बांधली. अन् वर सायबाले सांगतलं, मेली.” मामानं इकडं तिकडं बघितलं. “हे वहीत लिवजो नको बरं. लश्कराच्या कागदात ते मेलेली हाये. पण तू गेली तं तिले पाह्यजो. कपाळावर ठिपका. गूळ खाते.”

आता माझंही सांगते. वर्षाअखेर सातवीची परीक्षा होती, आणि आमच्या गावात मुलींना सातवीच्या पुढं शाळा नव्हती. मला बुलढाण्याला इंग्रजी शाळेत जायचं होतं. चिखलीला मोटार बदलली की बुलढाणा, एका दिवसाचं काम. आबांना मी शिकायला नको होतं असं नाही. माझे आबा, शेषराव, साधे शेतकरी, आवाज न चढवणारे. माझी वही ते उलटीसुलटी करून बघत आणि अक्षर चांगलं आहे म्हणत. पण बुलढाण्याचं नाव काढलं की एकच वाक्य.

“बुलढाण्यात आपलं कोण हाये?”

शेगावला आम्ही दरवर्षी जातो, त्याला हे वाक्य लागत नाही, कारण तिथं महाराज आहेत आणि शिवाय अर्धी गल्ली बरोबर असते. बुलढाण्यात मात्र मावशी नाही, आत्या नाही, ओळखीचा दुकानदारसुद्धा नाही. माय म्हणायची, “पोरीची जात, कोणाच्या दारात जाऊन उभी राहीन?”

मार्चात शाळेचा बक्षीस समारंभ आला. सातवीच्या प्रत्येक मुलीनं उपयोगी माहितीचा एक निबंध वाचायचा, अशी प्रथा. पटांगणात सतरंज्या घातलेल्या, एकीकडं बाया, एकीकडं बाप्ये. पद्मजानं ‘लोणच्याची निगा’ वाचला. चारुलतानं ‘दुभत्या गाईचे आरोग्य’ वाचला आणि मध्येच घाबरून गाईला लोणच्यावरची बुरशी लावली. मग मी उभी राहिले.

“सान मारीन देशी जाणाऱ्यांस सूचना.”

हशा असा उठला की लिंबावरचे पोपट उडाले. लक्ष्मीकांत गुरुजींनी ओठ घट्ट मिटले. मामा पार मागं, माठाजवळ, मान खाली घालून उभा होता. मी वही उघडली आणि वाचायला लागले.

“प्रथम जालन्यास जावे. मोगलाईच्या नाक्यावर गाठोडे सोडून दाखवावे लागते. तेथे हसू नये, हसल्यास दुसऱ्यांदा सोडायला लावतात. पुढे आगगाडीने मुंबई, मुंबईहून बोट. बोटीत पहिले तीन दिवस पोटात काही राहत नाही, म्हणून वाळलेली आवळकाठी तोंडात धरावी आणि लाटांकडे न पाहता लांब आभाळाच्या कडेकडे पाहावे. तारांतो बंदरास उतरावे. तेथून समुद्र उजव्या हाताला ठेवून वर वर जावे. समुद्र डाव्या हाताला आला तर आपण परत निघालो आहोत असे समजावे.”

हसणारे आता ऐकायला लागले होते. मी दम घेतला.

“सर्व देश आडवे असतात, हा उभा आहे. बुलढाण्यापलीकडचा राजूरचा घाट तीनदा एकावर एक ठेवावा, एवढा. वाटेत हमाल मिळत नाही. म्हणून गाठोडे आपल्या एकट्याला उचलेल एवढेच बांधावे. डोंगराच्या तीन टोकांवर तीन बुरूज आहेत. ते दिसले की देश आला, आणि ते दिसेनासे झाले की संपला. तेथे राजा नाही. दोन पाटील असतात आणि दर सहा महिन्यांनी दोघेही बदलतात...”

“थांब थांब!” भगवानराव पाटील उभेच राहिले. त्यांच्या घरात सात पिढ्यांची पाटीलकी. “सहा महिन्याचा पाटील? अन् सातव्या महिन्यात तो काय करते?”

मला माहीत नव्हतं. मी मागं बघितलं.

“वावरात जाते, पाटील,” माठाजवळून मामा म्हणाला. “दुसरं काय करन?”

पुन्हा हशा झाला, पण या खेपेला तो दुसरीकडं वळला होता. आणि मग काय झालं कोणास ठाऊक, बायांकडून चारुलताची आजी, झुंबरबाई, गुडघ्यावर हात देऊन उठली.

“काय हो निवृत्ती, ज्वारी भेटते काय तिथं?”

“नाही झुंबरबाई. मक्याचं पीठ भेटते. त्याचा घट्ट घाटा करतात, पाटावर ओततात, अन् सुतानं कापतात.”

“सुतानं? विळा नाही काय त्यायच्या घरात?”

“विळा हाये. पण सुतानंच कापतात.”

“अन् पान?”

“पान नाही.”

“मंग म्या नाही जात बापा,” म्हणून झुंबरबाई खाली बसली, जशी काही तिची बोट मुंबईला येऊन लागली होती.

पण तोंडं सुटली ती सुटलीच. पाणी विहिरीचं की टाक्याचं? बैल आहेत का? थंडीत काय पांघरतात? देव कोणता, आणि त्याची यात्रा भरते की नाही? मामा मागून एकेक पाऊल पुढं येत होता आणि उत्तरं देत होता. तो देश आहे की नाही हे विचारायचं सगळे विसरूनच गेले. मी निबंधाची वही मिटून टाकली. तिची आता गरज नव्हती.

आणि मग माझे आबा उभे राहिले. चारचौघांत कधी तोंड न उघडणारे माझे आबा. हातातली टोपी ते गोल गोल फिरवत होते.

“निवृत्तीभाऊ,” ते म्हणाले, “एक इचारतो. तिथं आपलं कोणी नाही. भाषा नाही, जात नाही, वळख नाही. एकटं माणूस गेलं, तं त्याले दारात कोण घेते?”

मामानं आधी माझ्याकडं बघितलं, मग आपल्या पायांकडं.

“शेषरावभाऊ, हे म्या कोणाले सांगतलं नोतं,” तो म्हणाला. “त्या गावाले आपल्यासारखी वेस हाये. दगडाची. मी पोचलो तं एक म्हातारी वेशीतला उंबरठा झाडून राह्यली होती. इकडं तोफा चालू, अन् हे झाडून राह्यली. तो साफ उंबरठा पाह्यला, अन् मले भानच नाही राह्यलं. मले वाटलं हे कोणाचं घर हाये. म्या बूट काढले.”

कोणीतरी खुदकन हसलं.

“हावलदार मागून बोंबलला, बूट काऊन काढले बे, हे काय तुह्या सासऱ्याचं घर हाये? पण म्हातारीनं माह्ये पाय पाह्यले. चार रोज चालून फोडंच फोडं. तिनं झाडू ठेवला, आत गेली, अन् घमेलं भरून पाणी आणलं. मीठ टाकलेलं. अन् माह्या पायाजवळ ठेवलं.” मामानं हातानं घमेल्याचा आकार दाखवला. “आपल्या घरी पाव्हणा आला तं आपण काय करतो? तेच केलं तिनं. तिले माही भाषा येत नोती. पण पाय धुवाले पाणी देल्यावर, भाऊ, मानूस परका राह्यते काय?”

आबांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते बसले. बायांकडून मायच्या बांगड्या वाजल्या, ती डोळ्यांना पदर लावत होती की काय, मला नीट दिसलं नाही.

तेवढ्यात लक्ष्मीकांत गुरुजी उठले आणि तरातरा वर्गात गेले. आले ते युरोपचा नकाशा घेऊन. तो त्यांनी लिंबाच्या फांदीला टांगला, घंटेच्या शेजारी.

“निवृत्ती, समुद्र उजव्या हाताला म्हणालास. पुढचं मोठं गाव कोणतं?”

“रिमिनी, गुरुजी. निस्ते विटायचे ढीग राह्यले होते.”

गुरुजींचं नाक इटलीच्या काठाकाठानं वर सरकत गेलं. “रिमिनी,” ते म्हणाले. “आहे. बारीक अक्षरात आहे.”

“त्याच्या पाठीमागं, डोंगरात. सहा-सात कोस.”

“दाखव.”

मामानं बोट ठेवलं. रिमिनी झाकलं, डोंगर झाकला, समुद्रसुद्धा झाकला. “एवढं मोठं नाही,” तो ओशाळून म्हणाला. तेव्हा गुरुजींनी कुंपणाचा बाभळीचा एक काटा मोडून आणवला, दोन बोटांत धरला आणि विचारलं, “इथं?” “जरा खाली.” “इथं?” “हाव.” गुरुजींनी काटा टोचला आणि काढून घेतला.

“एवढाच?”

“एवढाच. पण मंधात माणसं राह्यतात.”

“बरं,” गुरुजी म्हणाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आता नकाशात आहे.”

ऊन उतरत आलं होतं. नकाशाच्या मागून ते त्या भोकातून आरपार येत होतं. जर्मनी, फ्रान्स सगळे अंधारात आणि तो एकटाच देश चमकत होता. पद्मजा माझ्या कानात म्हणाली, “माय वं! पैज पुन्हा आम्हीच हरलो म्हणायची.” मी म्हटलं, “दप्तर धर मग.” आणि तिनं खरंच धरलं.

निघताना फाटकाजवळ मामानं मला थांबवलं. पळसाच्या पानात बांधलेला गुळाचा खडा त्यानं माझ्या हातावर ठेवला.

“मामा, मी मोठी होईस्तोवर हा टिकन काय?”

“जुना गूळ चांगला असते. अन् खेचर पंचवीस-तीस वर्सं जगते, घाई नाही.” मग हळूच म्हणाला, “पह्यले बुलढाणं करून पाह्य. तो घाट सोपा हाये.”

घरापर्यंत आबा पुढं चालत राहिले. माय दोनदा माझ्या तोंडाकडं बघून पुन्हा पुढं बघायला लागली. दारात पोचलो. मायनं रोजच्यासारखा पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्या पायाजवळ ठेवला. ठेवला आणि तशीच वाकून राहिली, तांब्यावरचा हात काढेचना. आबांनी ते बघितलं. मी चपला काढून नीट बाजूला ठेवल्या, पायांवर पाणी घेतलं, गुळाची पुडी छातीशी धरली.

“आबा, माय,” मी म्हटलं, “शाळा उघडली की मी बुलढाण्याले जाऊन येते. मॅट्रिक होऊनच येते. गाठोडं तेवढं माह्या एकटीच्यानं उचललं जाईन असं बांधजो.”